काठीचा संकोच

गेल्या चातुर्मासात आमच्या मंडळाच्या शनिवारच्या अभ्यासवर्गात गीतेचा तेरावा अध्याय चालू होता. ज्ञानाची लक्षणे सांगताना भगवंतांनी एकाच श्लोकात अनहंकार आणि जन्म, मृत्यू, जरा व व्याधी यांतील दुःखदोषांचे वारंवार अवलोकन ही लक्षणे शेजारी शेजारी ठेविली आहेत. त्यावर विवेचन चालले असता मागील रांगेतून एका वृद्ध भगिनीने प्रश्न केला, ‘‘जरा आपण पाहावी हे समजले, पण ती चारचौघांना दिसू द्यावी की नाही?’’ वर्गात हशा पिकला. प्रश्न विचारणाऱ्या भगिनीच्या उजव्या हाताशी, सतरंजीखाली अर्धवट सरकविलेली, एक कोरी करकरीत काठी होती, हे फारच थोड्यांच्या ध्यानात आले. आमच्या ध्यानात आले, कारण काठी लपविण्याच्या विद्येत आम्ही स्वतः पुरती दोन वर्षे घालविलेली आहेत.

त्या दिवशी आम्ही उत्तर दिले नाही. वेळ संपत आली होती हे निमित्त झाले. खरे पाहता प्रामाणिक उत्तर द्यावयाचे तर आत्मकथन करावे लागले असते, आणि तितके धैर्य त्या क्षणी झाले नाही. पुढे तीन-चार सभासदांनी तोच विषय एकांतात काढला, म्हणून हा पाठ येथे देत आहोत. यात थोडे धर्मशास्त्र आहे, थोडे शरीरशास्त्र आहे आणि आमच्या फजितीचाही वाटा आहे. फजिती आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचे उपदेशासारखे वाटणार नाही.

सहा वर्षांपूर्वी आमचा उजवा गुडघा दुखू लागला. बडोद्याच्या जुन्या वाड्यांतील उभे, अरुंद लाकडी जिने चढण्याउतरण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना गुडघ्याच्या दुखण्याचे नवल नाही. डॉक्टरांनी क्ष-किरण छायाचित्र पाहून सांधा झिजल्याचे सांगितले, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम दिले, वजन उतरविण्यास बजावले आणि शेवटी ‘‘बाहेर पडताना काठी घेत चला,’’ असे म्हणाले. पहिल्या तीन गोष्टी आम्ही घरी आल्याबरोबर सर्वांना सांगितल्या. चौथी सांगण्याचे राहून गेले. तथापि ती चिठ्ठीवर लिहिलेली होती. चिरंजीवांनी आठवड्याच्या आत काठी आणली. ती दाराआडच्या खुंटीवर गेली आणि तेथेच राहिली. तिच्याऐवजी आम्ही छत्री घेऊ लागलो.

छत्री टेकीत चालणारा मनुष्य वृद्ध दिसत नाही, दूरदर्शी दिसतो, अशी आमची समजूत. पावसाळ्यात हे शोभून गेले. चैत्र-वैशाखात उन्हाचे कारण सांगता आले. पौषात मात्र मंडळी आधी आमच्या छत्रीकडे आणि मग आकाशाकडे पाहू लागली. आमच्या कुटुंबाने एकदाच विचारले, ‘‘छत्रीला लाज वाटत नाही, मग काठीलाच का वाटते?’’ आम्ही वर्तमानपत्र उघडले.

याच काळात आमचे एक चाळीस वर्षांचे स्नेही अंथरुणास खिळले. ऐन उमेदीत आम्ही दोघांनी कितीदा तरी पावागड पायी चढून कालिकामातेचे दर्शन घेतले होते; वर आधी कोण पोचतो याची पैज लागे. ते रावपुऱ्यात एका जुन्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर राहत. तो जिना चढावयाचा तर हाती काठी हवी, आणि काठी घेऊन त्यांच्यापुढे उभे राहावयाचे तर मन घेईना. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता चार महिने गेले. पुढे कार्तिकी एकादशीस मंदिरात फरशी नुकतीच धुतली होती. छत्रीचे लोखंडी टोक ओल्या फरशीवरून सरकले, आम्ही डाव्या हातावर पडलो आणि मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे हात प्लॅस्टरात. प्लॅस्टर निघण्यास आठ दिवस असताना स्नेह्यांचे देहावसान झाले.

सांत्वनास गेलो तेव्हा त्यांच्या खोलीच्या दाराआड एक काठी टांगलेली दिसली. वापरून वापरून तिची मूठ गुळगुळीत झाली होती. ती त्यांचीच होती. तीन वर्षे ते घरात ती घेऊन चालत. आम्ही येणार असे कळले की ती दाराआड जाई, असे त्यांच्या पत्नी सहज बोलून गेल्या. त्यांनी ते कौतुकानेच सांगितले. आम्हाला पुढे बराच वेळ काही बोलता आले नाही.

आता शास्त्राकडे वळू. काठी हे दैन्याचे चिन्ह आहे ही कल्पना आपल्या परंपरेने दिलेली आहे काय? आमच्या वाचनाप्रमाणे नाही. उपनयनात आठ वर्षांच्या बटूच्या हाती पळसाचा दंड देतात आणि घरची माणसे ते दृश्य डोळे भरून पाहतात. चौथ्या आश्रमात संन्यासी दंड धारण करतो आणि आपण त्याला वाकून नमस्कार करतो. पहिल्या आणि शेवटल्या आश्रमात जी वस्तू पूज्य, ती गृहस्थाच्या सत्तराव्या वर्षी अपमानाची का व्हावी? सज्जनगडावर समर्थांची कुबडी आहे; भाविक तिचे दर्शन घेतात. ती पायांच्या आधारासाठी नव्हे, जपाला बसल्यावर हात टेकण्यासाठी, हे खरे. परंतु एवढ्या मोठ्या तपस्व्याला देहास टेकू द्यावयाला संकोच वाटला नाही, इतके तरी त्यातून घ्यावयास हरकत नसावी.

याहून जुने उदाहरण ऋग्वेदात आहे. पहिल्या मंडलातील ११६ व्या सूक्तात कक्षीवान् ऋषीने अश्विनीकुमारांच्या उपकारांची मालिकाच गायिली आहे. त्यात विश्पलेची कथा येते. रात्रीच्या युद्धात तिचा पाय तुटला, आणि अश्विनांनी तिला तत्काळ लोहाची जंघा बसवून पुन्हा धावण्यास समर्थ केले. सायणाचार्य तिला खेल राजाच्या पक्षाची स्त्री मानतात; काही पाश्चात्य पंडितांच्या मते ती शर्यतीची घोडी होती. तो वाद पंडितांनी मिटवावा. आम्हाला लक्षणीय वाटते ते हे की, सूक्तकाराने लोहाचा पाय झाकून ठेविला नाही. देववैद्यांच्या कीर्तीची गोष्ट म्हणून तो उघडपणे गायिला आहे.

मग संकोच आला कोठून? काही अंशी चर्पटपंजरिकेसारख्या लोकप्रिय स्तोत्रांच्या चुकीच्या पठनातून आला असावा, असे आम्हाला वाटते. त्या स्तोत्रात गात्रे गळालेला, दात पडलेला, काठी टेकीत चाललेला वृद्ध येतो, आणि लहानपणापासून पाठ झालेले ते चित्र मनात घर करून बसते. पण आचार्यांनी दोष कशाला दिला आहे हे पाहावे. दोष काठीला दिलेला नाही. इतके होऊनही जी आशा सुटत नाही तिला दिला आहे. आमच्यापुरते बोलावयाचे तर तरुण दिसण्याची आशा सुटली नव्हती, म्हणूनच काठी सुटली होती. म्हणजे त्या वृद्धाहून आमची अवस्था एक पायरी खालचीच म्हणावयाची! ज्ञानेश्वर महाराजांनी तर तेराव्या अध्यायात, म्हातारपण येण्यापूर्वीच, तारुण्यात असताना ते डोळ्यांपुढे आणावे असे विस्ताराने सांगितले आहे. आम्ही वर्षानुवर्षे त्या ओव्यांवर निरूपण केले. मात्र म्हातारपण प्रत्यक्ष दारात आले तेव्हा त्याला छत्री समजलो.

भाषेचीही येथे मौज आहे. आज्ञाधारक पुत्राला आपण ‘म्हातारपणाची काठी’ म्हणतो आणि तो शब्द ऐकून आई-बापांची छाती फुगते. पण तोच पुत्र खरीखुरी काठी घेऊन आला की बापाचे तोंड उतरते.

हा संकोच केवळ आपल्याकडचा नाही, आणि केवळ सामान्यांचाही नाही. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे पाय १९२१ साली, वयाच्या ३९ व्या वर्षी, आजाराने लुळे पडले; तो पोलिओ असल्याचे निदान झाले. पुढे ते चार वेळा राष्ट्राध्यक्ष निवडून आले. एका साध्या खुर्चीला चाके जोडून त्यांनी आपल्यासाठी चाकाची खुर्ची करून घेतली होती. परंतु लोकांसमोर येताना ते पायांना पोलादी पट्ट्या बांधून, एका हाताने काठी व दुसऱ्या हाताने मुलाचा वा साहाय्यकाचा दंड धरून, मोठ्या कष्टाने चालल्यासारखे दाखवीत. चाकाच्या खुर्चीतील छायाचित्रे घेतली जाऊ नयेत याची दक्षता घेतली जाई. १ मार्च १९४५ रोजी याल्टा परिषदेहून परतल्यावर अमेरिकन काँग्रेसपुढे ते बसून बोलले. पायांभोवती सुमारे १० पौंड पोलाद वागवावे लागत असल्यामुळे बसून बोलणे सोपे जाते, असे त्यांनी त्या वेळी उघड सांगितले. त्यानंतर सहा आठवड्यांनी ते निवर्तले. वॉशिंग्टन येथे १९९७ साली त्यांचे स्मारक उभे राहिले, तेव्हाही पुतळ्यातील खुर्ची झग्याच्या घोळात जवळजवळ झाकलेली होती. अपंगांच्या संघटनांनी आग्रह धरला, आणि २००१ साली चाकाच्या खुर्चीत उघडपणे बसलेला त्यांचा दुसरा पुतळा तेथे बसविण्यात आला. ज्यांनी आग्रह धरला त्यांतील काहीजण स्वतः खुर्ची वापरणारे होते. लपविण्यात काय जाते हे त्यांना ठाऊक होते.

याच्या उलट चित्र आमच्या गुजरातेतच घडले. १९३० च्या मार्चमध्ये साबरमतीहून दांडीपर्यंत सुमारे ३९० किलोमीटर चालत गेलेल्या महात्माजींचे वय ६० होते आणि त्यांच्या हाती काठी होती. आज त्यांचा कोठलाही पुतळा काठीवाचून ओळखूसुद्धा येणार नाही. पुढील वर्षांत ते दोन्ही बाजूंच्या मुलींच्या खांद्यांवर हात ठेवून चालत आणि त्यांना विनोदाने आपल्या काठ्या म्हणत. त्या काठीमुळे ते दुबळे दिसतात असे त्यांच्या विरोधकांनाही कधी वाटल्याचे ऐकिवात नाही.

आता शरीरशास्त्राचा भाग. हा थोडा लक्ष देऊन वाचावा, कारण आमची दुसरी चूक येथे आहे. दुखरा गुडघा उजवा, म्हणून आम्ही छत्रीही उजव्याच हातात धरीत होतो. काठी दुखऱ्या बाजूला धरावी असे बहुतेकांना स्वाभाविक वाटते. ते चूक आहे. ती विरुद्ध हातात धरावयाची असते. याचे कारण तराजूच्या दृष्टान्ताने कळते. चालताना प्रत्येक पावलाला क्षणभर आपण एकाच पायावर उभे असतो. त्या वेळी त्या बाजूचा खुबा हा तराजूचा मधला काटा होतो. आतल्या बाजूस सबंध शरीराचा भार लांब दांडीवर लटकतो, आणि बाहेरच्या बाजूस नितंबाचा स्नायू आखूड दांडीवरून तो तोलून धरतो. आखूड दांडीवरून तोलावयाचे म्हणजे ओढ फार मोठी लागते; म्हणून त्या क्षणी खुब्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या जवळजवळ तिप्पट दाब येतो. विरुद्ध हातातील काठी खुब्यापासून दूर टेकते, म्हणजे लांब दांडीवर काम करते. त्यामुळे तिच्यावर थोडासा भार दिला तरी सांध्याचे ओझे बरेच हलके होते. तीच काठी दुखऱ्या बाजूस धरली तर हा लाभ मिळत नाही, आणि शरीर त्या बाजूस कलते ते वेगळेच. अमेरिकन अस्थिशल्यविशारद वॉल्टर ब्लाउंट यांनी १९५६ साली या विषयावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. काठी फेकून देऊ नका, अशा अर्थाचेच त्याचे नाव होते. शस्त्रक्रिया करणाऱ्या वैद्याने काठीची वकिली करावी याचे आम्हाला विशेष वाटले.

गुडघ्याच्या बाबतीतही हेच लागू पडते. ब्राझीलमध्ये गुडघ्याची झीज झालेल्या ६४ रुग्णांवर एक चाचणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. निम्म्यांना दोन महिने रोज काठी दिली, निम्म्यांना दिली नाही. काठीवाल्यांच्या वेदना कमी झाल्या आणि हालचाल सुधारली. पण त्यात एक बारीक गोष्ट आढळली, ती आमच्या मते फार मोलाची आहे. पहिल्या महिन्यात काठी घेऊन चालण्यास श्रम अधिक पडत होते. दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस सवय होऊन तो जादा श्रम नाहीसा झाला. आपल्यापैकी कित्येकजण आठ-पंधरा दिवस काठी वापरून ‘‘हिने तर उलट दमायला होते’’ म्हणून ठेवून देतात. त्यांचा अनुभव खोटा नसतो. केवळ तो पुरेसे दिवस घेतलेला नसतो.

पडण्याच्या भीतीविषयीही दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिलेल्या माहितीनुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून मृत्यू पावतात, आणि त्यांत साठीपुढील वृद्धांचे प्रमाण सर्वांत अधिक आहे. पडण्याच्या भीतीने मनुष्य चालणे कमी करतो, चालणे कमी झाले की स्नायू दुबळे होतात, आणि स्नायू दुबळे झाले की पडण्याचा संभव वाढतो. काठी नको म्हणून घरात बसणारा मनुष्य या रहाटगाडग्यात सापडतो. मंदिरातील काकड आरतीस नेमाने येणारी किती मंडळी अशी एकेक करून दिसेनाशी झाली, याची उजळणी आम्ही मनाशी केली तेव्हा मोजणे अर्ध्यावर सोडून दिले. त्यांची श्रद्धा उणावली असे आपण म्हणतो. कित्येकांच्या बाबतीत अकरा पायऱ्या आणि चार लोकांच्या नजरा एवढेच कारण असते.

काठी घ्यावयाची ठरविल्यावर ती कशी घ्यावी? आपण ज्या चपला-बूट नेहमी घालतो ते घालून ताठ उभे राहावे, हात सैल सोडावे. मनगटावर जी आडवी वळी असते तिच्या उंचीला काठीची मूठ आली पाहिजे. म्हणजे मूठ धरल्यावर कोपर किंचित वाकलेले राहते. आजोबांची वारसाहक्काने आलेली शिसवी काठी सुंदर असते, पण आजोबा सहा फूट उंच असले तर नातवाचा खांदा दुखू लागतो. हल्लीच्या ॲल्युमिनियमच्या काठीला भोके असतात, ती हवी तितकी आखूड-लांब करता येते. शोभा कमी, उपयोग अधिक. टोकाचे रबरी टोपण ही काठीची खरी पादुका होय. त्याखालच्या खाचा झिजून गुळगुळीत झाल्या की ते बदलावे. किंमत क्षुल्लक असते. काठी व दुखरा पाय बरोबर पुढे टाकावे, नंतर बरा पाय. जिन्यावर कठडा असेल तर एका हाताने तो अवश्य धरावा. चढताना बरा पाय आधी वर न्यावा आणि दुखरा पाय व काठी मागून आणावी. उतरताना काठी व दुखरा पाय आधी खाली टाकावा. हे पाठ होईपर्यंत आम्ही जिन्यावर उभे राहून पुटपुटत असू. नातवंडांना वाटे आजोबा स्तोत्र म्हणतात.

काठीने भागत नसेल तर पुढची साधने आहेत. एका काठीवर शरीराच्या भाराचा साधारण चतुर्थांशच देता येतो. तोल फार जात असेल तर चार पायांची काठी किंवा वॉकर घ्यावा. वॉकरचे चारही पाय जमिनीवर टेकल्यावरच पाऊल टाकावे, आणि खुर्चीतून उठताना वॉकरला धरून स्वतःला ओढू नये, खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठावे. जिन्यावर वॉकर नेऊ नये. काखेतल्या कुबड्या घेणाऱ्यांनी काख व कुबडी यांत दोन-तीन बोटांचे अंतर ठेवावे आणि भार तळहातांवर घ्यावा. काखेवर भार दिल्यास तेथील मज्जातंतू दबून हात लुळा पडण्याचे भय असते. चाकाच्या खुर्चीत बसण्या-उठण्यापूर्वी दोन्ही चाकांच्या खिळी लावाव्यात आणि पावले ठेवण्याच्या पट्टीवर उभे राहू नये. यांपैकी कोणते साधन कोणाला, हे डॉक्टर वा भौतिकोपचार तज्ज्ञाला विचारूनच ठरवावे. एकाएकी तोल जाऊ लागला, चक्कर येऊ लागली किंवा वारंवार पडणे होऊ लागले, तर काठी घेऊन स्वस्थ बसू नये. कारण शोधले पाहिजे.

ज्यांची ऐपत नाही त्यांच्यासाठी १ एप्रिल २०१७ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय वयोश्री योजना सुरू केली. दारिद्र्यरेषेखालील वा अल्प उत्पन्नाच्या साठीपुढील व्यक्तींना काठी, कुबड्या, वॉकर, चाकाची खुर्ची, चष्मा, श्रवणयंत्र, कवळी अशी साधने शिबिरांतून विनामूल्य देण्याची तीत तरतूद आहे. साधने पुरविण्याचे काम १९७२ साली कानपूर येथे स्थापन झालेल्या भारतीय कृत्रिम अंग निर्माण निगमाकडे आहे. आपल्या परिचयात कोणी असे असल्यास त्यांना ही माहिती अवश्य पोचवावी.

घरच्या मंडळींस मात्र एक विनंती. आमच्या चिरंजीवांनी काठी आणली, ती सद्भावनेने. पण ती चार पाहुण्यांदेखत हातात दिली आणि ‘‘आता वय झालं, बाबा’’ असे म्हणाले. त्या एका वाक्याने ती काठी दोन वर्षे खुंटीवर टांगली. वृद्धाला काठी आणून देण्यापेक्षा तिच्या निवडीस त्याला बरोबर न्यावे. कोणत्या रंगाची, कोणत्या मुठीची, हे त्याने ठरवावे. आणि कोठे जावयाचे आहे ते आधी बोलावे, काठीचा विषय मागून निघू द्यावा. प्लॅस्टर निघाल्यावर आमच्या कुटुंबाने काठीचे नावही काढले नाही. ‘‘भावोजींच्या मासिक श्राद्धाला जायचं आहे, दुसरा मजला आहे,’’ एवढेच म्हणाल्या. आम्ही आपण होऊन खुंटीकडे गेलो. आता डावा हात मोकळा झाला होता, आणि उजव्या गुडघ्यासाठी काठी डाव्याच हातात हवी असते हे तोपर्यंत समजले होते. त्या जिन्याला सव्वीस पायऱ्या आहेत. त्या दिवशी प्रथमच मोजल्या.

पहिले आठ दिवस लोकांनी विचारपूस केली. नवव्या दिवसापासून कोणी काही विचारले नाही. आम्ही दोन वर्षे ज्या नजरांना भ्यालो त्यांना आमच्या हातातील काठी आठ दिवसांत जुनी झाली, हे कळून थोडासा अपमानही वाटला, हे लपवीत नाही.

आता मंदिराविषयी. काही सभासदांनी अशी शंका विचारली की, रस्त्यावर टेकलेली काठी सभामंडपात आणणे योग्य काय? पादत्राणे बाहेर ठेवतो, मग काठीचे टोक आत कसे? शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर व्यवस्थेने देता येते. महाद्वाराशी पाण्याची बादली व स्वच्छ फडके ठेवून टोपण पुसून घ्यावे. शिवाय आतल्या वापरासाठी निराळ्या चार काठ्या व एक चाकाची खुर्ची मंदिरात ठेवावी, अशी लेखी सूचना आम्ही व्यवस्थापक समितीकडे दिली आहे. काठ्या व बादली-फडके यांस समितीने मान्यता दिली. खुर्चीसाठी एका सभासदाने देणगी देऊ केली आहे. उताराच्या वाटेचा प्रश्न मात्र राहिला आहे. आपल्याकडील नियमावलीप्रमाणे एक फूट उंचीस बारा फूट लांबीचा उतार हवा. आपल्या अकरा पायऱ्यांची एकूण उंची साडेपाच फूट भरते. म्हणजे सहासष्ट फूट उतार, आणि मध्ये विसाव्याच्या सपाट जागा निराळ्या. तेवढी सरळ जागा समोर नाही. तुळशीवृंदावनाच्या बाजूने वळण घेऊन तो करता येईल काय, याचे मोजमाप चालू आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सार्वजनिक इमारतींत सुगम प्रवेशाची अपेक्षा करतोच. परंतु कायद्याने सांगेपर्यंत आपण थांबलो ही गोष्ट आमच्या मंडळास फारशी भूषणावह नाही, हे नमूद केले पाहिजे.

अभ्यासवर्गातील त्या भगिनीस आम्ही गेल्या शनिवारी या लेखाचा मसुदा वाचून दाखविला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाल्या, ‘‘ते सगळं खरं, पण माझी काठी जरा उंच आहे, खांदा दुखतो.’’ मनगटाच्या वळीशी लावून पाहिले, तो ती दोन बोटे उंच निघाली. भोके दोन खाली घेऊन बसविली. त्या दिवशी ती सतरंजीखाली गेली नाही. शेजारीच पडून होती, आणि आरतीच्या गर्दीत दोघांचे पाय तिला लागले. तेव्हा सभामंडपाच्या डाव्या खांबाशी काठ्या उभ्या करण्यासाठी एक लाकडी घोडा करून घ्यावा, अशी आणखी एक सूचना समितीकडे गेली आहे.

येत्या शनिवारी वर्ग संपल्यावर ज्यांना आपल्या काठीची उंची व टोपण तपासून घ्यावयाचे असेल त्यांनी थोडा वेळ थांबावे. तपासणी बाहेरच्या ओट्यावर होईल. नेहमीची पादत्राणे घालूनच यावे. अनवाणी मापली तर रस्त्यावर ती काठी आखूड भरते.